फाईल घेऊन आलेली ती मुलगी कोण होती?

वाचकांचे प्रश्न, क्लिनिकल फार्मासिस्टची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आलाय : दवाखान्यात दाखल झाल्यावर औषधांकडे नक्की बघतं कोण? मी एका खासगी रुग्णालयात हेच काम करते, त्यामुळे उत्तरात आपल्या जातभाईंची थोडी बाजू घेतली जाईल. ते गृहीत धरूनच वाचा. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (सातारा) : आई, वय ७८, लघवीच्या संसर्गामुळे पुण्यात दाखल होती. वजन जेमतेम ४२ किलो. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटातली एक मुलगी फाईल घेऊन आली. डॉक्टर नव्हती, सिस्टरही नव्हती. घरी कोणत्या गोळ्या, काढे, चाटणं चालू आहेत, डोळ्यांत काही घालता का, सगळं विचारत बसली. संध्याकाळी आईची लिव्होफ्लॉक्सॅसिन ७५० ची रोजची गोळी एक दिवसाआड झाली आणि कॅल्शियमची गोळी सकाळची दुपारी गेली. क्रिॲटिनिन १.२ होतं, आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते की किडनी ठीक आहे. मग डोस का कापला? खर्च वाचवायला? आणि तिला हा अधिकार दिला कुणी?

उत्तर : ती बहुधा क्लिनिकल फार्मासिस्ट होती. खाली मेडिकलच्या खिडकीतून औषधं देणाऱ्यांची आणि तिची शाखा एकच, पण तिचं काम रुग्णाच्या फाईलपाशी असतं.

अधिकाराचं आधी सांगते, कारण तुमचा राग तिथे आहे. डोस तिने बदललेला नाही. आपल्याकडे औषध लिहायचा, बदलायचा आणि बंद करायचा अधिकार डॉक्टरांचा. फार्मासिस्ट सुचवते, कारण लिहून ठेवते. डॉक्टरांना पटलं तर ते बदलून सही करतात. नाही पटलं तर बदलत नाहीत. आमचं म्हणणं पुष्कळदा परत येतं आणि त्यात अनेकदा डॉक्टरांचंच बरोबर असतं, कारण पेशंटला हात लावून तपासलेलं त्यांनी असतं, आम्ही कागद वाचलेला असतो.

आता तुमच्या आईंचा आकडा. क्रिॲटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा. ४२ किलोच्या आजींच्या अंगावर स्नायू असणार किती? मुळात तयारच कमी होतं, म्हणून मूत्रपिंड थकलेलं असलं तरी रिपोर्टातला आकडा सभ्य दिसतो. आम्ही तो आकडा तसाच घेत नाही, वय आणि वजन घालून हिशेब करतो. १४० मधून वय वजा करायचं : ६२. त्याला वजनाने गुणायचं : २६०४. खाली ७२ गुणिले क्रिॲटिनिन, म्हणजे ८६.४. भागाकार येतो ३० च्या जरासा वर. बाईमाणूस असेल तर त्याला ०.८५ ने गुणायचं. उरले साधारण २५.६ : मूत्रपिंडं मिनिटाला साधारण एवढे मिलिलिटर रक्त साफ करतात. तरुण निरोगी माणसात हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या आईंची मूत्रपिंडं औषध बाहेर टाकायचं काम जेमतेम पाव करत होती, आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन बहुतेक सगळं मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. हा आकडा २० ते ४९ च्या दरम्यान असेल तर ७५० ची गोळी ४८ तासांतून एकदा द्यायची, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. एक दिवसाआड गोळी म्हणजे त्यांच्यासाठी पूर्ण डोस होता. रोज दिली असती तर औषध अंगात साचत गेलं असतं. मग माणूस रात्री बरळायला लागतं, टाचेच्या वरची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) दुखते, मधुमेह असेल तर साखर अचानक खाली येते. त्यातलं बरळणं सगळ्यात फसवं. घरचे म्हणतात वय झालं, वॉर्डातले म्हणतात ताप डोक्यात गेला, आणि गोळी चालूच राहते.

कॅल्शियमचं उत्तर सोपं आहे. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधं पोटात या अँटिबायोटिकला चिकटतात, मग ते रक्तात उतरतच नाही. निदान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारी गेलं ते म्हणून.

राहिली चौकशी. ती तुम्हाला लांबण वाटली असेल, पण मला विचाराल तर आमच्या कामातला सगळ्यात कसाचा भाग तोच आहे. तुमच्या आईंच्या वयाच्या माणसाचं एक हृदयाचं कार्ड असतं, एक शुगरचं, एक हाडांच्या डॉक्टरांचं. प्रत्येक जण आपापल्या अवयवापुरता बरोबर असतो. ही सगळी कार्डं एका ठिकाणी मांडून, शेजारी आजचा ड्रग चार्ट ठेवून, काय दुप्पट झालंय, काय सुटलंय, काय एकमेकांशी भांडतंय हे बघणारं कुणीतरी लागतं. आणि कार्डावर नसलेलं पुष्कळ असतं. डोळ्यांत घालायचे थेंब हे औषध आहे असं घरच्यांना वाटतच नाही. काचबिंदूसाठीच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमेकऱ्याचा दमा उसळतो आणि नाडी मंदावते. वॉर्डातला डॉक्टर फुप्फुसात कारण शोधत राहतो. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या मूत्रपिंडाची वाट लावतात. त्याहून अवघड प्रकार बिनलेबलच्या पुड्यांचा. ‘एकदम आयुर्वेदिक आहे हो’ म्हणून दिलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत. ज्या माणसाने ती महिनोन्‌महिने घेतली, तो दाखल झाला आणि पुडी घरी राहिली, तर स्टिरॉइड अचानक बंद झाल्याने पडलेलं बीपी का उचलत नाही हे कुणाला कळत नाही. म्हणून आम्ही विचारतो, आणि त्यात ‘किती दिवस घेता’ हेही विचारतो. मी कुणाला पुडीवरून रागावत नाही. रागावलं की पुढच्या खेपेला पुडी उशीखाली जाते.

आणि हे सगळं करून उपयोग होतो का? १९९९ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आयसीयूच्या राउंडला डॉक्टरांबरोबर एक फार्मासिस्ट उभा केला. औषध लिहिताना होणाऱ्या, टाळता येण्यासारख्या अपायांचं प्रमाण ६६ टक्क्यांनी घटलं. फार्मासिस्टने ३६६ सूचना केल्या, त्यातल्या ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. आमच्याकडे एवढं ऐकून घेतलं जात नाही, ते सोडा.

आईंना पुन्हा कधी दाखल करायची वेळ आली तर घरातली सगळी औषधं, थेंब-मलमांसकट, एका पिशवीत भरून सोबत न्या. यादी करून आणू नका. यादीत माणूस त्याला महत्त्वाचं वाटतं तेवढंच लिहितो.

प्रश्न (बार्शी) : वडिलांची हृदयाची झडप बदलली आहे, धातूची बसवलीय. रक्त पातळ राहण्यासाठी ॲसिट्रॉम चालू. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ) नेहमी अडीच-पावणेतीनच्या आसपास असतो. मध्यंतरी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तपासलं तर ५.८. दाखल केलं. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती आणेपर्यंत पिच्छा सोडला नाही. दाढेचा आणि झडपेचा काय संबंध? आणि आता पालेभाजी बंद करायची का?

उत्तर : चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल असणार, आणि त्याबरोबर एखादी दुखण्यावरची गोळी. मी पैज लावायला तयार आहे.

दाताच्या संसर्गावर मेट्रोनिडाझोल हे रास्त औषध आहे, त्यात दंतवैद्यांचं काही चुकलेलं नाही. पण यकृतात ॲसिट्रॉमचा निचरा ज्या वाटेने होतो ती वाट ते अडवतं. तीच जुनी गोळी, तोच डोस, आणि परिणाम मात्र वाढत जातो. वर डायक्लोफिनॅकसारखी गोळी पडली की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. दंतवैद्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं सांगितलं असतं तर त्यांनी औषध बदललं असतं, किंवा तेच देऊन तीन-चार दिवसांत आयएनआर करायला लावला असता.

असंच करणारी आणखी औषधं लक्षात ठेवा, कारण ती झडपेशी संबंध नसलेल्या दुखण्यांवर मिळतात. गजकर्णासाठीची फ्लुकोनॅझोलची गोळी. तोंड आलं म्हणून लावायचं मायकोनॅझोलचं जेल. नुसतं लावायचं असलं तरी ते पुरेसं पोटात जातं. लघवीच्या संसर्गावरचं को-ट्रायमॉक्सॅझोल. उलट्या दिशेचं उदाहरण म्हणजे टीबीतलं रिफॅम्पिसिन : ते चालू झालं की आयएनआर खाली घसरतो आणि झडपेवर गुठळी व्हायची भीती. ते बंद झालं की पुन्हा उलटं.

पालेभाजी बंद करू नका. तिच्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं, पण गोळीचा डोस तुमच्या वडिलांच्या नेहमीच्या ताटावर बसवलेला असतो. मेथी, शेपू, पालक जेवढ्यास तेवढा खात राहा म्हणजे झालं. गडबड बदलामुळे होते. श्रावणात पालेभाजी सोडायचा नेम असेल तर महिना लागायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण भाजी बंद झाली की आयएनआर चढतो. नेम सोडा असं मी म्हणणार नाही. तपासणीची तारीख तेवढी अलीकडे घ्या.

गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आयएनआरची वही करा आणि कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी केस प्रत्यारोपण करायला गेलात तरी, आधी ती वही टेबलावर ठेवा.

प्रश्न (लातूर, आयसीयूतली सिस्टर) : आमच्याकडे नवीन क्लिनिकल फार्मासिस्ट आली आहे. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, गोळी कुटून द्यायला गेलं की अडवते. वॉर्डातल्या पोटॅशियमच्या ॲम्प्यूलही उचलून नेल्या. इतकी वर्षं आम्ही हेच करत आलो. आम्हाला काही येत नाही असं ठरवलंय का?

उत्तर : सिस्टर, नवीन पोरीने पहिल्याच आठवड्यात खलबत्त्यावर हात ठेवला की कुणालाही राग येईल. तिने आधी तुमच्याबरोबर एक रात्रपाळी करायला हवी होती. रात्री दोन वाजता एका हाताने सक्शन आणि दुसऱ्या हाताने औषधांची ट्रॉली सांभाळणाऱ्या माणसाला ‘कुटू नका’ एवढंच सांगणं ही अर्धवट मदत झाली. पण तिचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, म्हणून ती न बोललेली बाजू मी सांगते.

पोटॅशियमची १० मिलीची ॲम्प्यूल, १५ टक्क्यांची, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. दिसायला पाण्यासारखी, ठेवलेली बहुतेक वेळा डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी. पाण्याची समजून त्यात अँटिबायोटिक कालवलं आणि सरळ शिरेत सोडलं तर हृदय थांबतं, आणि मग कुणाच्या अनुभवाचा काही उपयोग होत नाही. पातळ करूनच, सावकाश, हातातल्या साध्या शिरेतून एरवी तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्या हाताबद्दल कुणाला शंका नाही. गर्दीच्या रात्री बदलीवर आलेल्या मुलीच्या हाताला दोन सारख्या ॲम्प्यूल एकाच खणात लागू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांतही अशी जास्त जोखमीची औषधं आणि एकमेकांसारखी दिसणारी, ऐकू येणारी औषधं वेगळी ओळखून ठेवायला सांगितलेली आहेत. आयसीयूत पोटॅशियम तातडीने लागतंच, तेव्हा थोडा साठा कुलपात, ठळक लेबल लावून, वेगळ्या जागी ठेवायची मागणी तुम्ही करा. ती मान्य व्हायला हवी.

नळीचं थोडं लांब आहे. पॅन्टोप्रॅझोलच्या गोळीवर जे आवरण असतं ते जठरातल्या आम्लापासून औषध वाचवायला. कुटली की आवरण गेलं, औषध जठरातच मेलं. आपण चार्टवर ‘दिलं’ म्हणून सही करतो तेवढीच. नावापुढे एक्सएल, एसआर, सीआर, रिटार्ड असं काही असेल तर उलटा धोका : दिवसभर झिरपायचा डोस एका दमात पोटात. बीपी कमी करणारं निफेडिपिन रिटार्ड कुटून दिल्यावर बीपी कुठे जाईल ते सांगायला नको. आणि फिट्सवरचं फेनिटॉइन नळीतल्या फीडबरोबर गेलं तर नीट शोषलं जात नाही. आधी आणि नंतर फीड एक-दोन तास थांबवावं लागतं, त्या वेळा आहारतज्ज्ञांशी बसून ठरवायच्या.

मग द्यायचं काय? हे सांगणं तिचं काम आहे आणि तिच्याकडून ते वसूल करा. पॅन्टोप्रॅझोलऐवजी इंजेक्शन किंवा नळीतून जाणारे इसोमेप्रॅझोलचे दाणे. फिट्सवरच्याच व्हॅल्प्रोएटचं सिरप मिळतं. मेटोप्रोलॉल एक्सएलच्या जागी साधं मेटोप्रोलॉल दिवसातून विभागून, अर्थात डॉक्टरांनी तसं लिहून दिल्यावर. ज्या साध्या गोळ्या कुटता येतात त्याही एकत्र कुटायच्या नाहीत. एक द्या, पाणी सोडा, मग दुसरी, नाहीतर नळी चोंदते आणि ती पुन्हा घालायचं काम तुमच्याच गळ्यात. तुमच्या वॉर्डात जेवढ्या गोळ्या येतात तेवढ्यांची यादी, कुटता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, पर्यायासकट, तिने करून ट्रॉलीवर चिकटवावी. न केल्यास मला पुन्हा लिहा.

प्रश्न (नाशिक) : सासऱ्यांना संधिवात, बीपी. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ओडी, एचएस, एसओएस असलं काय काय लिहिलंय. घरी जुन्या पट्ट्या आहेत त्याही घ्यायच्या का? शिवाय मेडिकलवाल्याने बीपीची गोळी दुसऱ्याच नावाची दिली.

उत्तर : ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच. हे आम्ही सोडतानाच मराठीत लिहून द्यायला हवं आणि काही ठिकाणी देतातही. मागून घ्या.

नावाचं मात्र नीट बघा, घरी परतलेल्या पेशंटच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारा घोटाळा हाच आहे. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात आतल्या औषधाचं. घरी टेल्मिसार्टन एका नावाने पडलेली, दवाखान्यातून तीच दुसऱ्या नावाने आली. माणूस प्रामाणिकपणे दोन्ही घेतो आणि सकाळी संडासात चक्कर येऊन पडतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीतलं बारीक अक्षरातलं औषध आणि त्याचं प्रमाण कार्डाशी जुळत असेल तर हरकत नाही, पण मग जुनी पट्टी घरातून हलवा.

पॅरासिटामॉलचंही तेच. तापाला म्हणून डोलो ६५० चार वेळा, झाले २६०० मिलिग्रॅम. दुखण्याला झेरोडॉल-पी दोनदा. त्या ‘पी’मध्ये ३२५ पॅरासिटामॉल आहे, झाले ३२५०. सर्दीच्या गोळीत ५०० असेल आणि ती तीनदा घेतली तर ४७५०. निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा २४ तासांत ४००० आहे. बारीक अंगाच्या, दारू घेणाऱ्या किंवा यकृत नाजूक असलेल्या माणसाची त्याहून कमी. यात कुठेही कुणी ‘जास्त गोळ्या’ खाल्लेल्या नाहीत.

संधिवात म्हणालात म्हणून विचारते : कार्डावर मेथोट्रेक्सेट आहे का? असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. एकदाच. वार ठरवा, कार्डावर तो वार मराठीत लिहून घ्या, पट्टी रोजच्या डब्यात ठेवू नका. त्याच्यासोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी असते आणि दोन्ही बारीक, पिवळ्या असू शकतात. मेथोट्रेक्सेट रोज गेली तर आधी तोंडात फोड येतात, मग रक्तातल्या पेशी कोसळतात, आणि हे जिवावर बेततं. तोंड आलं म्हणून बी-कॉम्प्लेक्स देत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न (जळगाव) : बारावी सायन्स झाली. फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) करावं का? घरचे म्हणतात शेवटी मेडिकलच टाकणार ना.

उत्तर : मेडिकल टाकण्यात कमीपणा नाही, हे घरच्यांना सांग. फार्म. डी. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालं. सहा वर्षं : पाच शिकायची, सहावं रुग्णालयात इंटर्नशिपचं. बी. फार्म. नंतर करायचं असेल तर तीन वर्षांचा मार्ग आहे. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेरीतून होतात.

अभ्यास मला अजूनही सुंदर वाटतो. नोकरीचं चित्र तेवढं सुंदर नाही. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांत क्लिनिकल फार्मासिस्टची भूमिका लिहिलेली आहे, पण कागदावर भूमिका असणं आणि रुग्णालयाने पगार देऊन जागा भरणं यात अंतर आहे. जागा मुख्यतः मोठ्या खासगी रुग्णालयांत, सुरुवातीचा पगार सहा वर्षांच्या मानाने थोडा. म्हणून बरीच मुलं पुण्या-मुंबईत औषधांच्या दुष्परिणामांचा डेटा तपासणाऱ्या कंपन्यांत जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. ब्रिटनमध्ये जास्तीचं प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट २००६ पासून स्वतंत्रपणे औषधंही लिहून देतात. इथे तसं काही मनात धरून येऊ नकोस. नावामागे ‘डॉक्टर’ लागतं या आमिषाने तर मुळीच नको. मी लावत नाही. वॉर्डात पेशंटचा गोंधळ होतो.

प्रवेश घेण्याआधी एक कर : त्या कॉलेजचं रुग्णालय खरोखर भरलेलं आहे का, आणि तिथल्या राउंडला मुलांना उभं राहू देतात का, ते जाऊन बघ. रिकाम्या वॉर्डात फार्म. डी. शिकता येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर बहिणीच्या अंगावर चट्टे उठले. बरी झाली. हे कुठे कळवायचं असतं का?

उत्तर : हो. भारतीय औषधकोश आयोग गाझियाबादला आहे, देशभरातल्या अशा नोंदी तिथे जमा होतात. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि स्वतः रुग्णही कळवू शकतो. कळवलं म्हणजे कुणाविरुद्ध तक्रार होत नाही. त्याआधीचं काम : औषधाचं नाव डिस्चार्ज कार्डावर लाल शाईत लिहून घ्या आणि बहिणीच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. ‘कसल्याशा इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ एवढ्या माहितीवर पुढच्या वेळी कुणालाच काही करता येत नाही.

प्रश्न (सावंतवाडी) : दवाखान्यात २० युनिट इन्सुलिनवर साखर ताब्यात होती. घरी आल्यावर तेवढ्यानेच ३०० च्या खाली येईना. इथल्या डॉक्टरांनी वाढवत वाढवत ३४ केलं. बाटली तीच आहे. सिरिंज नारिंगी टोपीची मिळाली, पूर्वी लाल होती. त्याने फरक पडतो का?

उत्तर : सगळा फरक त्यानेच पडलाय. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. बाटलीवर ४० लिहिलंय ना, ते आधी बघा. तसं असेल तर नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत घेतलेलं औषध म्हणजे खरं तर ८ युनिट. आत्ता ३४ च्या रेघेला तुम्ही १३.६ युनिट घेताय.

हे वाचून लगेच लाल सिरिंज आणून तिच्यात ३४ भरू नका. ते खरे ३४ असतील, सध्याच्या अडीच पट, आणि रात्रीत साखर धोकादायक खाली जाईल. दोन्ही सिरिंज आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना हा हिशेब दाखवा आणि नवा डोस लाल सिरिंजच्या मापाने लिहून घ्या. पेनमधल्या काड्या १०० युनिटच्या असतात. त्यातून सिरिंजने औषध काढायचा उद्योगही करू नका.

पुढच्या अंकासाठी पत्रं महिनाअखेरपर्यंत पाठवा. गोळीच्या पट्टीचा फोटो पाठवत असाल तर छापील बाजूचा पाठवा, आणि कापून उरलेल्या एका गोळीच्या तुकड्याचा नको. त्यावर नाव कधीच नसतं.